डेस्कटॉप लवकर सुरू व्हावा म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातला, दुकानातला किंवा डीटीपीच्या टेबलावरचा जुना डेस्कटॉप सुरू व्हायला पाच-पाच मिनिटं घेतो आणि मग कुणीतरी सांगतं, "फॉरमॅट मारा" किंवा "नवीन घ्या". बहुतेक वेळा या दोन्हींची गरज नसते. मशीन चांगलं असतं, अडचण एखाद्याच ठिकाणी असते आणि ती शोधता येते. इथली उत्तरं मुख्यतः विंडोज १० आणि ११ असलेल्या डेस्कटॉपसाठी आहेत. लिनक्सबद्दल शेवटी थोडं आहे.

सुरू व्हायला किती वेळ लागणं ठीक आहे?

विंडोज एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर, असेल तर बटण दाबल्यापासून साइन-इनच्या पडद्यापर्यंत साधारण १५ ते ३० सेकंद. जुन्या, फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर एक ते दीड मिनिट लागतं. त्यानंतर डेस्कटॉप दिसला तरी माउस अडखळत राहतो आणि ब्राउझर उघडायला आणखी एक-दोन मिनिटं जातात. हार्ड डिस्क असली तरी रोज पाच मिनिटं लागणं नेहमीचं नाही. तिथे काहीतरी बिघडलेलं आहे किंवा फार काही भरलेलं आहे.

वेळ नेमका कुठे जातो, हे कसं ओळखायचं?

बाकी काही करण्याआधी हे करा. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा, बटण दाबा आणि तीन टप्पे वेगळे मोजा. पहिला टप्पा बटणापासून विंडोजची खूण किंवा गोल फिरणारे ठिपके दिसेपर्यंतचा. त्यात विंडोजचा काही संबंध नसतो, मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे बायोस, रॅम, डिस्क, कीबोर्ड तपासत असतं. दुसरा टप्पा तिथपासून साइन-इनपर्यंतचा. यात विंडोजचा गाभा, ड्रायव्हर आणि सेवा चढतात. तिसरा टप्पा पासवर्ड टाकल्यापासून मशीन खरोखर हातात येईपर्यंतचा. इथे तुमच्या नकळत उघडणारे प्रोग्रॅम वेळ खातात.

टप्पा कळला की उपाय जवळजवळ ठरतोच. पहिला लांबत असेल तर स्टार्टअपमधले प्रोग्रॅम बंद करून एक सेकंदही वाचणार नाही, आणि तिसरा लांबत असेल तर बायोसमध्ये शिरण्याचं कारण नाही. लोक नेमकं उलटं करतात आणि मग "सगळं करून पाहिलं, काही फरक नाही" म्हणून मशीन विकायला काढतात. म्हणून आधी मोजा.

अंदाज नको, आकडा हवा असेल तर विंडोज तो स्वतःच लिहून ठेवतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि स्टार्टअपच्या पानावर जा. नव्या पद्धतीचं बायोस, म्हणजे यूईएफआय, असलेल्या मशीनवर वर उजव्या कोपऱ्यात 'लास्ट बायोस टाइम' सेकंदांत दिसतो. पहिल्या टप्प्याचा मोठा भाग तोच. पुढच्या टप्प्यांसाठी इव्हेंट व्ह्यूअर उघडा आणि ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल असं आत जा. क्रमांक १०० च्या नोंदीत बूटला, म्हणजे मशीन सुरू व्हायला, लागलेला वेळ मिलिसेकंदांत असतो, म्हणजे ९५००० दिसलं तर ९५ सेकंद. १०१ क्रमांकाची नोंद रेंगाळलेला प्रोग्रॅम दाखवते, १०२ ड्रायव्हर आणि १०३ सेवा. दोषी कोण ते नावानिशी मिळतं. ही सोय इतकी जुनी आणि उपयोगी असून कुणी उघडून पाहत नाही, याचं वाईट वाटतं.

शटडाउन करून सुरू केलं तर लवकर होतं, रिस्टार्ट केलं तर उशीर. असं का?

कारण ही दोन वेगळी कामं आहेत. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असताना शटडाउन केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर जसे आहेत तसे डिस्कवर एका फाइलमध्ये जपले जातात आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलले जातात. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून चढतं.

हार्ड डिस्क असेल तर ही सोय चालू ठेवाच. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' आणि मग 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' दाबलं की खाली तिची चौकट दिसते. एसएसडीवर फरक थोड्या सेकंदांचा पडतो.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. काही अडलं, प्रिंटर सापडेना, आवाज येईना, तर शटडाउन करून पुन्हा चालू करण्यापेक्षा रिस्टार्ट करा, कारण अडलेला ड्रायव्हर शटडाउनमध्ये तसाच जपला जाऊ शकतो. आणि त्याच मशीनवर लिनक्सही असेल तर ही सोय बंद ठेवा. विंडोजने आपली ड्राइव्ह अर्धवट झोपवून ठेवलेली असते, तिच्यात लिनक्समधून लिहायला गेलं तर फायली बिघडण्याचा धोका असतो.

स्टार्टअपच्या यादीतलं काय बंद करावं?

टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर प्रत्येक नावापुढे परिणाम लिहिलेला असतो: हाय, मीडियम, लो. हा शेरा मोजून दिलेला असतो. सुरू होताना प्रोसेसरचा एक सेकंदाहून जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर ३ एमबीहून जास्त वाचलं-लिहिलं, तर हाय. वरून खाली या आणि प्रत्येक नावाला विचारा: मशीन चालू होताक्षणी मला हे लागतं का? मीटिंगची ॲप्स, गाण्यांची ॲप्स, गेम्सचे लाँचर, प्रिंटरसोबत आलेले शाई विकणारे मदतनीस, पीडीएफ वाचकाचे अपडेटर यांतलं बहुतेक लागत नाही. 'डिसेबल' केल्याने प्रोग्रॅम पुसला जात नाही. हवा तेव्हा उघडा, तो चालतो.

काही ब्राउझर या यादीच्या बाहेरूनही तयार बसतात. एजमध्ये 'स्टार्टअप बूस्ट' आणि क्रोममध्ये ब्राउझर बंद केल्यावरही पार्श्वभूमीत चालू राहण्याची सेटिंग आहे, दोन्ही सिस्टीमच्या भागात सापडतात. ४ जीबी रॅमच्या मशीनवर त्या बंद केलेल्या बऱ्या.

वनड्राइव्हबद्दल मात्र विचार करा. तुमचे फोटो आणि कागदपत्रं त्यातून आपोआप वर जात असतील, तर ते बंद केल्यावर बॅकअपही थांबेल. चार सेकंदांसाठी तो सौदा करू नये.

आमचं सेवा केंद्र आहे. अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं टोकन, टॅली, सगळंच सुरुवातीला उघडतं. बंद करू का?

अंगठ्याच्या मशीनची आरडी सेवा आणि सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर बंद करू नका. आधारची पडताळणी करताना पोर्टल त्या सेवेलाच हाक मारतं, ती उठलेली नसेल तर मशीन जोडलेलं असूनही सापडत नाही आणि समोर माणसं रांगेत उभी राहतात. पण कधीकाळी वापरलेल्या जुन्या कंपनीच्या अंगठा-मशीनचं, बदललेल्या प्रिंटरचं, संपलेल्या टोकनचं सॉफ्टवेअर अजून मशीनवर असेल, तर ते कंट्रोल पॅनलमधून पूर्ण काढून टाका. केंद्रांवरच्या मशीनमध्ये वेळ खाणारा हाच गाळ असतो.

रन मध्ये जाऊन टेंप, प्रीफेच पुसतो आणि डेस्कटॉपवर रिफ्रेश करतो. उपयोग होतो ना?

रिफ्रेशने डेस्कटॉपवरची चित्रं पुन्हा रंगवली जातात, एवढंच. रॅम मोकळी होत नाही.

टेंपमधल्या फायली पुसल्याने डिस्कवर जागा होते. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेली असेल तर त्याचा थोडा फायदा दिसतो, एरवी बूटच्या वेळेत फरक पडत नाही. प्रीफेचला मात्र हात लावू नका. कोणता प्रोग्रॅम उघडताना कोणत्या फायली लागतात, याची विंडोजने बूट आणि प्रोग्रॅम लवकर चढावेत म्हणूनच केलेली ती टिपणं आहेत. पुसली की पुढची सुरुवात उलट हळू होते आणि विंडोज ती पुन्हा लिहायला बसतं. ही सवय क्लासमधून क्लासमध्ये शिकवली गेली आहे, म्हणून इतकं स्पष्ट सांगावंसं वाटतं.

विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगच्या खिडकीत प्रोसेसरची संख्या वाढवली तर?

नाही. ती चौकट रिकामी असते तेव्हा विंडोज सगळेच कोअर वापरतं. तिथे टिक करून आकडा दिला तर तो मर्यादा म्हणून लागतो, म्हणजे चुकून २ निवडले तर चार कोअरचं मशीन दोनवर चालेल. शेजारच्या 'मॅक्झिमम मेमरी'चंही तसंच. दोन्हींवरच्या टिक काढून टाका.

पीसी बूस्टर किंवा रजिस्ट्री क्लीनर टाकू का?

टाकू नका. रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतल्या, जुन्या नोंदींनी बूट हळू होत नाही, आणि मायक्रोसॉफ्ट स्वतः अशा क्लीनरना पाठिंबा देत नाही. शिवाय हे बूस्टर स्वतःच स्टार्टअपमध्ये जाऊन बसतात. दोन अँटिव्हायरस असतील तर त्यातला एक पूर्ण काढा. विंडोजमधला डिफेंडर बहुतेक घरांना पुरतो.

विंडोज किंवा ऑफिस 'ॲक्टिव्हेट' करायला कुणी क्रॅक टाकून दिला असेल तर तोही दर बूटला उठत असतो, आणि त्यासोबत आणखी काय आलं आहे हे कुणालाच माहीत नसतं. विंडोज सिक्युरिटीतून डिफेंडरची 'ऑफलाइन स्कॅन' एकदा चालवा. मशीन रिस्टार्ट होतं आणि साधारण पाव तासात तपासणी संपते. मात्र अशा स्कॅनने सगळं सुटत नाही, क्रॅक काढून टाकणं हाच खरा उपाय.

एकच खर्च करायचा असेल तर कशावर करू?

एसएसडीवर. यावर माझं मत पक्कं आहे.

कारण समजून घ्या. मिनिटाला ७२०० फेरे मारणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. वाचायचं डोकं योग्य पट्ट्यावर न्यायचं आणि तबकडी फिरून नेमका तुकडा खाली यायचा, यात सरासरी १२-१३ मिलिसेकंद जातात. म्हणजे इकडे-तिकडे विखुरलेले तुकडे ती सेकंदाला शंभराच्या आतबाहेर वाचू शकते. आणि बूट म्हणजे हजारो छोट्या, विखुरलेल्या फायलींचं वाचन. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, ती असे तुकडे सेकंदाला हजारोंनी देते. म्हणून प्रोसेसर दहा वर्षांपूर्वीचा असला तरी एसएसडी लावल्यावर तेच मशीन दोन मिनिटांऐवजी २०-२५ सेकंदांत उठतं.

कोणती घ्यावी? जुन्या डेस्कटॉपला २.५ इंची साटा (केबलने जोडायची) एसएसडी जवळपास नेहमी चालते. एक साटा केबल आणि पॉवर सप्लायची एक मोकळी तार लागते. ब्रँडेड छोट्या डेस्कटॉपमध्ये ती तार शिल्लक नसू शकते, म्हणून घेण्याआधी कॅबिनेट उघडून पाहा. साटाचा वेग ५५० एमबी प्रति सेकंदच्या आसपास अडतो आणि थेट मदरबोर्डच्या खाचेत बसणाऱ्या एनव्हीएमई एसएसडीचा त्याच्या कितीतरी पट असतो, तरी बूटमध्ये या दोघींतला फरक थोड्याच सेकंदांचा. त्यासाठी मदरबोर्ड बदलू नका. मदरबोर्डवर एम डॉट टू ची खाच असेल तर ती साटाची की एनव्हीएमईची हे मॅन्युअलमध्ये बघा, काही जुने बोर्ड एनव्हीएमईवरून बूटच होत नाहीत. विंडोज आणि नेहमीच्या सॉफ्टवेअरला २४०-२५६ जीबी पुरते. जुनी हार्ड डिस्क काढायची नाही, ती फोटो, व्हिडिओ, कामाच्या फायलींसाठी तशीच राहू द्या.

एसएसडी लावल्यावर विंडोज नव्याने टाकायचं की जुनंच उचलायचं?

दोन्ही चालतं. जुनं जसंच्या तसं उचलायला एसएसडी बनवणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर किंवा मोफत मिळणारं क्लोनझिला वापरता येतं. टॅलीची नोंदणी, डीटीपीची सॉफ्टवेअर, प्रिंटरची जुळवाजुळव पुन्हा नको असेल तर हाच मार्ग. मशीन आधीच गाळाने भरलं असेल तर नव्याने टाका. मूळ विंडोजचा डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे डिस्क बदलली तरी तीच आवृत्ती टाकल्यावर तो सहसा आपोआप लागू होतो.

नव्याने टाकताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. नाही तर विंडोज बूटचा भाग जुन्या डिस्कवरच ठेवू शकतं, आणि पुढे ती डिस्क गेली की एसएसडी चांगली असूनही मशीन उठत नाही. क्लोन केल्यावरही पहिली सुरुवात फक्त एसएसडी जोडून करा. मग जुनी डिस्क परत लावा आणि बायोसमध्ये बूटचा पहिला क्रमांक एसएसडीला द्या. त्याआधी महत्त्वाच्या फायलींची प्रत तिसऱ्या ठिकाणी हवीच. कॅबिनेट उघडताना मुख्य प्लग काढा आणि आतल्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या.

रॅम वाढवून काय होईल?

साइन-इनपर्यंतच्या वेळेत जवळजवळ काही नाही. तिसऱ्या टप्प्यात मात्र ४ जीबीवरून ८ केल्यावर फरक जाणवतो, कारण रॅम संपली की विंडोज डिस्कवर सामान हलवू लागतं. पैसे एकाच गोष्टीला असतील तर आधी एसएसडी, मग रॅम.

विंडोजची खूण यायलाच अर्धं मिनिट लागतं. तिथे काय बघू?

पेनड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, कार्ड रीडर काढून एकदा सुरू करून पाहा. त्याने सुटलं तर बायोसमध्ये बूटचा क्रम बदला: विंडोज असलेली डिस्क पहिली, आणि नेटवर्कवरून बूट बंद. 'फास्ट बूट' हा पर्याय दिसला तर चालू करा. तारीख-वेळ दर वेळी मागे जात असेल किंवा 'एफ-१ दाबा' असं येऊन मशीन थांबत असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटण सेल संपलेला असतो. तो अगदी स्वस्तात मिळतो. बदलल्यावर बायोसमधल्या सेटिंग्ज एकदा बघून घ्या.

डिस्कची 'आयडीई' किंवा 'एएचसीआय' पद्धत मात्र सहज बदलू नका, विंडोज निळा पडदा दाखवून थांबेल. डीडीआर-५ रॅमचं नवं मशीन पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं काळा पडदा राहू शकतो. बोर्ड तेव्हा रॅमशी वेग जुळवत असतो, घाबरून बटण दाबू नका.

डीटीपीचं मशीन आहे, हजारो फाँट टाकलेत. त्यांचा संबंध असतो का?

असतो. विंडोजच्या फाँट फोल्डरमधला प्रत्येक फाँट यादीत घ्यावा लागतो, आणि ती यादी बिघडली की फाँटची सेवा तिला पुन्हा बांधत बसते. कोरलड्रॉ, पेजमेकर उघडताना तर ते जास्त जाणवतं. रोज लागणारे देवनागरी फाँट ठेवा, बाकीचे एका फोल्डरमध्ये बाजूला काढा आणि काम येईल तेव्हा टाका. पत्रिकांच्या हंगामात एक संच, निवडणुकीच्या फ्लेक्सना दुसरा, असं करता येतं. काढण्यापूर्वी त्यांची प्रत ठेवा. जुन्या फाँटमध्ये केलेला मजकूर त्याच फाँटशिवाय वाचता येत नाही.

कालपर्यंत ठीक होतं, आता अचानक दहा मिनिटं लागतात.

आधी डिस्कचा संशय घ्या. टकटक आवाज, फाइल उघडताना मध्येच गोठणं, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के असूनही वाचनाचा वेग नगण्य, ही तिची लक्षणं. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर 'कॉशन' किंवा 'बॅड' दाखवत असेल तर बूटचा वेग विसरा आणि त्याच क्षणी फायली बाहेर काढायला लागा. अशा डिस्कवर डिफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) चालवू नका आणि कुणाला फॉरमॅट करू देऊ नका. लग्नाचे फोटो, मुलांची प्रमाणपत्रं, दुकानाचे हिशेब असेच जातात.

डिस्क चांगली असेल आणि मशीन फक्त रविवारी उघडलं जात असेल, तर आठवड्याचे अपडेट, अँटिव्हायरस आणि शोधाची अनुक्रमणिका एकदम कामाला लागलेली असतात. अर्धा-पाऊण तास नेट जोडून तसंच सोडा.

दर सहा महिन्यांनी फॉरमॅट करावं का?

नाही. फॉरमॅटनंतर मशीन हलकं वाटतं, कारण स्टार्टअपची यादी रिकामी झालेली असते. ती यादी तुम्ही स्वतः दहा मिनिटांत रिकामी करू शकता, तेही एकही फाइल न गमावता.

बंदच न करता स्लीपवर ठेवलं तर?

वीज भरवशाची असेल तर उत्तम, दोन-तीन सेकंदांत मशीन जागं होतं आणि वीज अगदी थोडी लागते. जिथे वीज जाते-येते तिथे यूपीएस हवा. पॉवर ऑप्शन्समध्ये 'हायब्रिड स्लीप' दिसत असेल तर चालू ठेवा. त्यात उघडलेल्या कामाची प्रत डिस्कवरही राहते आणि वीज गेली तरी ते परत मिळतं. किंवा हायबरनेट वापरा, म्हणजे उघडलेलं काम डिस्कवर जपून मशीन पूर्ण बंद होतं. आठवड्यातून एकदा रिस्टार्ट मात्र करा.

पासवर्ड काढून टाकला तर वेळ वाचेल ना?

घरात एकटेच वापरत असाल तरी पिन ठेवा, तो टाइप करायला दोन सेकंद लागतात. दुकानात, कार्यालयात, सेवा केंद्रात पासवर्ड काढू नका. तिथे लोकांचे आधार आणि बँकेचे कागद असतात.

मशीन विंडोज ११ घेत नाही. आता?

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे कितीतरी चालती मशीन बाहेर राहिली. काम ब्राउझर, मेल, पत्रलेखन एवढंच असेल तर एसएसडीसोबत लिनक्स मिंट टाकून पाहा. मराठी टायपिंग इनस्क्रिप्टने तिथेही होतं. टॅली किंवा डीटीपीच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरवर पोट असेल तर विंडोजच ठेवा.

मिंटमध्ये वेळ मोजणं सोपं आहे. टर्मिनलमध्ये 'सिस्टमडी-ॲनलाइझ' ही आज्ञा दिली की बायोस, लोडर, गाभा आणि बाकीचं कामकाज यांचा वेळ वेगवेगळा दिसतो. पुढे 'ब्लेम' जोडलं की प्रत्येक सेवेचा वेळ मिळतो. ते आकडे बेरीज करू नका, कारण सेवा एकाच वेळी चढत असतात. कुणामुळे कोण थांबलं हे पाहायला 'क्रिटिकल-चेन' आहे. विंडोजही सोबत असेल तर सुरुवातीचा निवडीचा पडदा दहा सेकंद थांबतो. हा पडदा दाखवणाऱ्या ग्रबच्या सेटिंगमध्ये ती वाट तीन सेकंदांवर आणा आणि 'अपडेट-ग्रब' चालवा.